थांबला तो जिंकला

आमचे दाजी चोर नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, पुढचं वाचून उगाच गैरसमज व्हायचा. भोसरी एमआयडीसीत त्यांचा गाळा आहे. आत दोन सीएनसी आणि एक म्हातारं लेथ. कामगारांचा पगार सात तारखेला म्हणजे सातलाच. भाजीवाल्या मावशीनं चुकून वीस रुपये जास्त दिले, तर चौकातून गाडी वळवून परत करतील. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली की केळ्यांचा टेम्पो यांचा. फक्त सरकारला द्यायचे म्हटलं की हात खिशातच अडकतो.

"पाव्हणं, चोरी येगळी अन् वाचवणं येगळं."

चाकणच्या कंपन्यांचं काम सगळं पक्क्यात. तिथं बिलाशिवाय गेटातून वॉशरही आत जात नाही. पण पलीकडच्या गाळ्यातून कोणी एखादी पिन टर्न करायला आलं की दाजी हळूच विचारतात, "बिल पायजे का? मग अठरा टक्के वरती." गिऱ्हाईक हसतं, दाजी हसतात, चहा येतो. मशीनखालचा बुरा भंगारवाला रोखीनं नेतो. ते पैसे वहीत नसतात, ताईच्या डब्यात असतात. गावाकडच्या एकरभर माळावर नुसती कुसळं. पण सीएच्या फायलीत तिथं असा कांदा पिकतो की चाकणच्या मार्केट यार्डानं तोंडात बोट घालावं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही ना!

खोड जुनीच. 2013 पर्यंत आमच्याकडे जकात होती. लग्नानंतर दाजींनी पुण्यातून छोटा टीव्ही घेतला, गोधडीत गुंडाळून रिक्षात ताईच्या मांडीवर दिला आणि हॅरिस पूल ओलांडला. नाक्यावर ताई गोधडी थोपटतेय, दाजी सांगतायत, "पोराला ताप आहे." नाकेदारानं बाहेर आलेली अँटेना पाहिली. म्हणाला, "लेकराला आत्ताच शिंग फुटलंय हो!" दाजी ही गोष्ट इथंच संपवतात. जकात भरावी लागली, हे ताई आतून ओरडून सांगते.

घराचे वरचे दोन मजले बिनपरवाना. त्यावर महापालिकेनं शास्तीकर लावला, मूळ कराच्या दुप्पट. नोटिसा आल्या, दाजींनी त्या न फोडता फ्रिजवर रचल्या. 2023 साली मूळ कर भरणाऱ्यांना शास्ती माफ झाली. दाजींनी पेढे वाटले. "थांबला तो संपला म्हणत्यात. ह्यात थांबला तो जिंकला!" वेळेवर सगळं भरणारा माणूस समोर पेढा हातात घेऊन बसला होता, त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मीच तो.

याच दाजींची गाडी चाकणला तळेगाव चौकात तासभर अडकली की मात्र काच खाली करून ओरडतात, "कुठं जातो आमच्या टॅक्सचा पैसा?" मी खिडकीबाहेर बघतो.

एकदा त्याच गाडीत मी आडून म्हणालो, "दाजी, कर बुडवणं म्हणजे शेवटी आपल्याच रस्त्यात खड्डा खणणं."

ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी घरी आले तेव्हा मी टेबलावर भाड्याच्या पावत्या लिहीत होतो. बारा महिन्यांच्या, एकाच पेनानं. घरमालक म्हणून खाली वडिलांची सही घ्यायची होती. वडील शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. आयुष्यात त्यांनी माझ्याकडून भाड्याचा छदाम घेतलेला नाही.

दाजींनी एक पावती उचलली, लांब धरून वाचली, पाकिटातून रेव्हेन्यू स्टॅम्पांची पट्टी काढली.

"तिकीट लावा की ह्याला, पाव्हणं," ते म्हणाले. "सरकारचा रुपया बुडवू नये."