पोटखराबा कसा पाहावा : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

निसर्ग पाहायचा ठरला की आपण ताडोबाचे बुकिंग करतो, जिप्सीत बसतो आणि वाघ दिसला नाही की चालकाकडे रागाने बघतो. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरकडच्या खडकांवर ही सोय नाही. इथे कमान नाही, तिकीटघर नाही, जिप्सी नाही आणि ‘येथे शांतता राखा’ असा फलक नसल्यामुळे शांतता आहे. ज्या जागेला दुसऱ्या एखाद्या देशात राखीव उद्यान म्हणून कुंपण घातले असते, तिची नोंद आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा, वर्ग अ’ अशी असते. वर्ग अ म्हणजे उत्तम नव्हे. वर्ग अ म्हणजे लागवडीस अयोग्य. पुढील सूचना क्रमाने पाळल्यास हा पोटखराबा कोणालाही पाहता येईल.

पायरी १ : दगड ओळखा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या दगडावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पूर्वेकडे सरकत गेले की लाव्ह्याचे थर पातळ होत जातात. भोकरवरून उमरी, धर्माबाद, बिलोली, देगलूर असे उतरत गेलात की त्यांच्या खालचा मूळ दगड उघडा पडतो. तो ग्रॅनाइट. त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. त्याच्यापुढे सह्याद्रीसुद्धा कालचे पोर ठरतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. बेसाल्ट काळा आणि बारीक पोताचा असतो. ग्रॅनाइटमध्ये कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात : लालसर दिसतो तो फेल्डस्पार, काचेसारखी ती गारगोटी, चमचमते ते अभ्रक. रस्त्याच्या कडेची माती काळी राहिली नाही, वाळूसारखी बरड झाली आणि शेताच्या मधोमध घराएवढा गोल धोंडा दुसऱ्या धोंड्यावर बसलेला दिसला, म्हणजे आपण पोहोचलो. तो कोणी उचलून ठेवला, असे विचारू नका. तो तिथेच तयार झालेला आहे. भेगांतून पाणी शिरते, कडा आधी झिजतात, बाहेरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि चौकोनी ठोकळ्याचा गोळा होतो.

एवढे वाचूनही चित्र डोळ्यांपुढे येत नसेल तर ‘शोले’ आठवा. कर्नाटकातल्या रामनगरजवळ गब्बरसिंग ज्या खडकांवर येरझाऱ्या घालत होता, तोही ग्रॅनाइटच. त्या भागातले रामदेवर बेट्ट २०१२ मध्ये गिधाडांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आपल्याकडे गब्बरही आला नाही आणि अभयारण्यही.

पायरी २ : मुहूर्त काढा

सर्वोत्तम दिवस १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुटी असते, झेंडावंदन सकाळीच आटोपते आणि खडकावरची फुले ऐन बहरात असतात. दुसरा मुहूर्त येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. तेव्हा अर्धा जिल्हा रानातच असतो, त्यामुळे आंबील आणि भज्जी कुठे मिळेल ही चिंता उरत नाही. फुले संपलेली असतात, पण पक्षी भरपूर. तिसरा मुहूर्त फाल्गुनातला : पळस आणि सोनसावर पानाशिवाय फुललेले असतात.

मे महिन्यात जाऊ नये. पारा ४२–४३ अंशांवर असतो आणि खडक ती उष्णता साठवून संध्याकाळपर्यंत परत करत राहतो. दगडाला ही सवय अडीचशे कोटी वर्षांची आहे, तुम्हाला नाही.

पायरी ३ : साहित्य

पाणी, जितके लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट. भाकरी आणि ठेचा. घोटा झाकणारे बूट. एक काठी. सराफाकडे असते तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास काही अडत नाही, कारण इथली निम्मी दौलत पायाखाली आहे.

सोबत नेऊ नये : स्पीकर, रंगाचा डबा आणि अत्तर. स्पीकर का नको ते उघड आहे. रंगाचा डबा यासाठी नको की बदामात काढलेली दोन नावे लग्न मोडले तरी खडकावरून जात नाहीत. अत्तर यासाठी नको की मोठ्या कपारीखाली आग्या मोहोळ असते. आग्या माशीला उग्र वास खपत नाही, आणि तिच्यापुढे ‘मी पर्यटक आहे’ हा खुलासा चालत नाही. मोहोळाखाली धूर, आरडाओरडा आणि सेल्फी तिन्ही वर्ज्य.

पायरी ४ : वाट

नकाशात वाट शोधू नये. ती शेळ्यांनी आखलेली असते आणि शेळ्यांनी नकाशा छापलेला नाही. पायवाटेचे दोन फाटे फुटले तर जिथे लेंड्या जास्त, तो धरावा. शेळी घसरणाऱ्या दगडावरून शक्यतो जात नाही. हिरवे शेवाळ आलेल्या ओल्या उतारावर मात्र शेळीचाही भरवसा धरू नये.

वाटेत शेळ्या राखणारे एखादे मामा भेटतातच. संवाद साधारण असा होतो :

“काय हुडकायलाव, सायेब?”

“झाडं बघायलोय, मामा.”

“झाडं तिकडं वावरात हायती की. ह्या धोंड्यात काय बघायलाव?”

इथे वाद घालू नये. तंबाखूची चौकशी करावी, पावसाची करावी, मग कुठली पाने शेळी खात नाही ते विचारावे. पुढचा तासभर जे ऐकाल ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोधायला तुम्हाला सहा महिने लागतील.

पायरी ५ : खाली बसा

पाहण्याची ही सर्वात महत्त्वाची पायरी, आणि बहुतेक नवशिके ती गाळतात. ते थेट माथ्यावर जातात, वारा खातात, फोटो काढतात, उतरतात आणि सांगतात की वर काही नाही.

खडकावर बसा. आधी दिसतील राखाडी, पिवळसर, केशरी डाग. तो रंग उडालेला नाही, ती दगडफुले आहेत. काळ्या मसाल्यात आपण जे टाकतो त्याचेच हे दूरचे भाऊबंद : बुरशी आणि शैवाल यांचा संयुक्त संसार. खडकाला चिकटून पसरणारी जात वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, अनेकदा तेवढीही नाही. तळहाताएवढा डाग दिसला तर तो तुमच्यापेक्षा वडील असण्याची शक्यता आहे. त्यावर बूट घासू नये.

पुढे, जिथे खडकाच्या खळग्यात दोन बोटे माती साठली आहे, तिथे भिंग लावा. उन्हाळ्यात इथे वाळून करपलेले गवत दिसते आणि पाहणारा म्हणतो, मेले. ते मेलेले नसते. ओरोपेशियम नावाचे वीतभरही न वाढणारे गवत जवळजवळ सगळे पाणी गमावून बसून राहते आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर दिवसा-दोन दिवसांत पुन्हा हिरवे होते. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला, कारण दुष्काळात पीक कसे तगवायचे याचे उत्तर तिथे सापडेल अशी आशा आहे. यात्रेत वाटीभर पाण्यात टाकून ‘संजीवनी’ म्हणून विकतात ती वनस्पतीही याच पंथातली. मेलेल्याला ती उठवत नाही. स्वतः मात्र उठते.

पाणी झिरपत असलेल्या उतारावर दवबिंदू नावाची वनस्पती शोधा. बोटाएवढे रोपटे, पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मातीत नत्र नाही म्हणून ते कीटक खाऊन भागवते. कुजबूज करण्याची गरज नाही, ते माणूस खात नाही.

काटेरी झुडपाच्या आधाराने वर चढलेला नाजूक वेल दिसला तर थांबा. कंदीलपुष्प असू शकेल. फूल कंदिलासारखे, तळाशी फुगीर, वर जाळीदार छप्पर. लहानशी माशी आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले असल्याने अडकते आणि केस सुकून कोमेजले की परागाचे ओझे घेऊन सुटते. या कुळातल्या कित्येक जाती महाराष्ट्रात दुर्मीळ झाल्या आहेत. एक कारण गुरे, दुसरे खणकाम, तिसरे हे की त्यांचा कंद गोड लागतो. सापडल्यास फोटो काढा, कंद काढू नका, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर नोंद करताना ठिकाण झाकून ठेवण्याचा पर्याय निवडा. दुर्मीळ झाडाचा अचूक पत्ता जाहीर करणे म्हणजे चोराला चावी देणे.

शेवटी पाण्याचे खळगे पाहा. परातीएवढ्या डबक्यात उताणे पोहणारे पारदर्शक जीव दिसतील. त्यांना फेअरी श्रिंप म्हणतात. पाणी आटण्याआधी ते अंडी घालून मरतात. ती अंडी धुळीत उन्हाळा काढतात. त्यामुळे कोरड्या खळग्यात प्लास्टिक टाकताना हे लक्षात असू द्या की तिथे कोणी राहत नाही हा आपला समज आहे.

पायरी ६ : आता मान वर करा

उजाड खडकाच्या भेगेतून एक पांढराफटक, गुळगुळीत बुंध्याचे झाड निघालेले दिसेल. तो पांढरूक. कोणी कांडोळ म्हणते, कोणी कढई. चांदण्या रात्री एकट्याने पाहिल्यास भुताची आठवण होते, म्हणून दिवसा पाहावा. त्याच्या डिंकाला जगभर मागणी आहे आणि कवळी हिरडीला चिकटवायच्या पावडरीतही तो वापरतात. वाजवीपेक्षा जास्त चिरा पाडल्या की झाड मरते. त्यामुळे कोणाच्या तरी तोंडातली कवळी घट्ट बसावी म्हणून कुठल्यातरी टेकडीवरचे झाड वाळलेले असू शकते.

याच्या शेजारी सालई, मोई आणि सीताफळ. सीताफळाला खडक मानवतो. सीमेपलीकडे निर्मळला ज्या हलक्या लाकडाची खेळणी करतात, ती पोनिकीही अशाच डोंगरांवरची. आजोळहून आणलेली निर्मळची लाकडी फळे अजून कपाटात असतील तर तुमच्या घरात हा अधिवास आधीच पोहोचला आहे.

पायरी ७ : प्राणी पाहण्याबाबत अपेक्षा

वाघ : नाही. त्यासाठी उत्तरेला यवतमाळकडचे टिपेश्वर आहे.

रोही : हो, पण शेतात. शेतकऱ्यापुढे ‘किती सुंदर!’ असे म्हणू नये.

साळिंदर : स्वतः नाही, त्याचे काटे दिसतील. साळिंदर काटे बाणासारखे मारत नाही. ते उलटे धावून येते, परिणाम तोच.

सरडा : नक्की. विणीच्या हंगामात खडकावरचा नर लालभडक होतो आणि सर्वात उंच धोंड्यावर बसून मान हलवतो. निवडणुकीच्या दिवसांत हे दृश्य ओळखीचे वाटेल.

शृंगी घुबड : कपारीत, पांढऱ्या विष्ठेच्या ओघळावरून शोधावे. ते घरटे बांधत नाही, उघड्या दगडावरच अंडी घालते. हिवाळ्यात कपारीजवळ रेंगाळू नये, आई उडाली की अंडी उन्हात पडतात.

रातवा : तो तुमच्यापासून दोन हातांवर बसलेला आहे. दिसणार नाही.

पायरी ८ : दगड उचलू नका

खाली विंचू असतो, क्वचित फुरसे असते, आणि नसलेच तर ज्याचे घर होते त्याचे छप्पर तुम्ही काढलेले असते. हात न दिसणाऱ्या कपारीत घालू नये. साप चावला तर चिरा पाडू नये, घट्ट बांधू नये, मंत्र घालणाऱ्याकडे जाऊ नये. चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष तिथे असते. या मार्गदर्शिकेत विनोद नसलेला हा एकमेव परिच्छेद आहे.

पायरी ९ : प्रतिस्पर्ध्याला ओळखा

या जागेचे मोल तुमच्याआधी दोघांनी जाणले आहे. पहिला भाविक. माथ्यावर शेंदूर लावलेला धोंडा किंवा हिरवा झेंडा असतो, आणि तो धोंडा कोणी फोडत नाही. सरकारी अधिसूचनेला वर्षे लागतात, शेंदराला दहा मिनिटे. पुढे पायऱ्यांना ऑइलपेंट लागतो आणि दगडफुले जातात, पण डोंगर राहतो.

दुसरा खडी क्रशर. त्याच्या हिशेबात हे गौण खनिज आहे. सुरुंग, जेसीबी, हायवा, आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पाहिलेला खडक डांबराखाली भेटतो. सागाचे रोप पुन्हा लावता येते. ग्रॅनाइटची टेकडी लावण्याची योजना अजून कोणत्याही खात्याकडे नाही. पिकत नाही म्हणून ही जमीन इतकी वर्षे वाचली, आणि पिकत नाही म्हणूनच ती आता पहिल्यांदा जाते.

पायरी १० : कागद करा

शेजाऱ्यांनी काय केले ते पाहा. कर्नाटकात हंपीजवळच्या अशाच खडकांत १९९४ पासून दरोजीचे अस्वल अभयारण्य आहे. हैदराबादच्या नागरिकांनी १९९६ मध्ये फक्त दगड वाचवण्यासाठी संस्था काढली. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, आणि राज्य सरकारला एखादी जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येते. ग्रामपंचायतीत ही वही मागा. कपाटाची चावी कोणाकडे आहे हे कळेपर्यंत चहा येईल.

वही मिळाली की गट नंबर लिहा, मामांनी सांगितलेली नावे त्यांच्याच शब्दांत लिहा, फोटो जोडा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उठून ते वाचून दाखवा. लोक हसतील, हसू द्या. अर्ज दोन प्रतींत द्या आणि पोच घ्या. पुढे कधी क्रशरसाठी ना-हरकत मागायला कोणी आले, तर ‘तिथे काय आहे, नुसता धोंडा’ हे वाक्य त्या गावाला तुमच्या यादीवर हात ठेवून म्हणावे लागेल.