३० सेकंदांचा खेळ, २० राउंडची शिक्षा

दिवाळी सरली की नाक्यानाक्यावर कबड्डी स्पर्धांचे फलक लागतात आणि मैदानामैदानावर एकच आरोळी सुरू होते : "चला, वीस राउंड!" उशिरा आलात, राउंड. पकड सुटली, राउंड. काल सामना हरलो, मग तर सगळ्यांनाच राउंड.

मला याचा राग येतो. चढाई ३० सेकंदांची. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, म्हणजे मध्यरेषेपासून समोरच्या शेवटच्या रेषेपर्यंत जेमतेम साडेसहा मीटर. तेवढ्या जागेत चढाईपटू थांबतो, कंबर खाली नेतो, पाय टाकतो, झटक्यात उलट फिरतो, आणि तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालूच. कोपरारक्षक तर पंधरा सेकंद नुसता दबा धरून बसतो आणि एका क्षणात घोट्यावर झेपावतो. हे शरीर मैदानाभोवती एकाच चालीने, एकाच बाजूला वळत धावून कसं घडेल? संथ, लांब धावण्याचा उपयोग आहे. दोन चढायांच्या मध्ये धाप लवकर बसते ती त्यानेच. पण ते काम हंगामाच्या आधीचं. स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना त्याने फक्त पाय जड होतात.

मी सतरा वर्षांचा होतो. जिल्हा निवड चाचणीला तीन दिवस होते आणि आदल्या दिवशीच्या पराभवाबद्दल आम्हाला असेच राउंड मिळाले. चौदाव्या राउंडला उजव्या मांडीवर मागून कुणीतरी सपकन चापट मारल्यासारखं झालं. वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं. चाचणी मी बाकावर बसून पाहिली. सर जीव तोडून शिकवायचे, अंधार पडेपर्यंत आमच्याबरोबर थांबायचे. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. कमी होती ती एका वहीची.

वही म्हणजे तरी काय? शेवटच्या पानावर स्पर्धेची तारीख लिहायची आणि तिथून मागे मोजत यायचं. बारा आठवडे हातात असतील तर पहिले चार-पाच ताकदीचे आणि दमाचे. बैठका, जोर, डिप्स, दोर, टेकडी. पुढचे चार-पाच खेळाच्या वेगाचे. घड्याळ लावून चढाया, मध्ये मोजून विश्रांती, तिसऱ्या चढाईचं दडपण, साखळी पकडी. शेवटच्या दहा दिवसांत वेग तोच ठेवायचा, पण एकूण काम जवळपास निम्म्यावर आणायचं. इथेच आपले भले भले प्रशिक्षक कच खातात. स्पर्धा तोंडावर आली की त्यांना वाटतं अजून थोडं घासू. पण शरीर सरावात झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. भरायला वेळच दिला नाही, तर मुलं झिजलेली तेवढीच मॅटवर उतरतात.

माझी ती मांडी आठवली की एक व्यायाम हटकून सांगतो. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत याने मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे. याला ना यंत्र लागतं, ना जिमची फी. आठवड्यातून दोनदा, थोड्या आवर्तनांपासून सुरुवात करा. आणि स्पर्धेच्या आठवड्यात हा व्यायाम पहिल्यांदा करू नका, मांड्या भरून येतील.

वजनाचंही हेच. ५५ किलोच्या गटात बसावं म्हणून पोरं आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, भर उन्हात स्वेटर घालून पळतात. काट्यावर उभी राहताना ओठ सुकलेले असतात आणि दुसऱ्या सामन्यात पोटऱ्यांना गोळे येतात. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन वाढणारच, वाढायलाच हवं. कोण कुठल्या गटात खेळणार हे वहीच्या पहिल्या पानावर ठरवा, आणि बसत नसेल तर त्याला वरच्या गटात खेळवा.

ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना २७-२४ असं हरवलं. त्या इराणी संघाला घडवणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या. त्यांनी तिथल्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. ज्या खेळात बोलता बोलता दम टिकवायचा असतो, त्यात श्वासालाही सराव हवा हे मला आजही अगदी पटतं. आपल्याकडे किती मैदानांवर श्वासासाठी दहा मिनिटं वेगळी काढली जातात?

हल्ली मी संध्याकाळी मुलींच्या एका संघाकडे जातो. तिथल्या एका कोपरारक्षक मुलीची वही परवा चाळली. शंभर पानी, कव्हरवर हळदीचा डाग. रकाने तिने स्वतः आखलेत : झोप, काय केलं, दहापैकी किती जड गेलं, काय दुखतंय. एका ओळीत : "मंगळवार. झोप ५. चढाया ८, मध्ये दीड मिनिट. जड ९. उजवा घोटा." पहाटेची प्रॅक्टिस, मग कॉलेज, मग संध्याकाळी पुन्हा मैदान. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, तिला पाच मिळत होते. ती ओळ वाचली आणि तिची पहाटेची प्रॅक्टिस आठवडाभर बंद केली.

"सर, स्पर्धा जवळ आलीय, आत्ता सुट्टी नको ना."

"जवळ आलीय म्हणूनच."

तिचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं, पण मी ऐकलं नाही.

१५ जुलै, कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, आपण कबड्डी दिन म्हणून साजरा करतो. हार-तुरे होतात, भाषणं होतात, ती व्हावीतच. त्याच संध्याकाळी प्रत्येक मंडळाने प्रत्येक खेळाडूच्या हाती एक कोरी वही द्यावी. डिसेंबरच्या स्पर्धेला तेव्हा वीस आठवडे असतात, आणि वीस आठवड्यांत शरीर खरोखर बदलतं.

त्या मुलीची स्पर्धा येत्या रविवारी आहे. काल तिने वही पुढे केली. "गुरुवार. झोप ९. चढाया ४, पूर्ण वेगात. जड ४." दुखण्याच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ होती.