मार्च महिन्यातले ज्योतिषी

मार्च लागला की उत्तर कॅरोलायनात ज्याला त्याला भविष्य दिसू लागतं. केस कापणारा कात्री थांबवून ड्यूकच्या संघाचं काय होणार ते सांगतो. दंतवैद्य आपल्या तोंडात दोन हत्यारं घालून मग विचारतो, यंदा एसीसी कोण नेणार? रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल ही तीन गावं गाडीनं अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात, आणि प्रत्येकाचं आपापलं विद्यापीठ, आपापला बास्केटबॉल संघ. 1954 पासून चालत आलेली एसीसीची, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याकडच्या विद्यापीठांच्या गटाची, ही स्पर्धा इथे इतकी मुरली आहे, की एकेकाळी स्पर्धेच्या शुक्रवारी शिक्षक स्वतःच वर्गात टीव्ही ढकलत आणायचे. नोकरीपायी केरी-मॉरिसव्हिलमध्ये स्थायिक झालेली आमची मराठी घरंही मग कोरडी कशी राहणार? पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम एका खोलीत आणि सामना दुसऱ्या खोलीत, असा देखावा मी पाहिलेला आहे.

व्यवस्था अशी. देशभरात विद्यापीठांचे तीसेक गट. प्रत्येक गटातले संघ थंडीभर आपसात खेळतात, क्रमवारी लागते. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मार्चमध्ये त्याच संघांची पुन्हा चार-पाच दिवसांची स्पर्धा ठेवतात, हरला तो घरी. जो जिंकेल त्याला 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. मोठ्या गटातल्या संघांना मागच्या दारानंही घेतात, पण लहान गटांतून बहुधा एकच जातो. म्हणजे थंडीभर पहिला नंबर टिकवलेल्या संघाची एक संध्याकाळ वाईट गेली, की सगळं मुसळ केरात. आयव्ही लीगच्या विद्वानांनी हा प्रकार बरीच वर्षं दूर ठेवला होता. 2017 साली त्यांनाही मोह आवरला नाही.

माझे मेहुणे या विषयातले अभ्यासू. संघ किती वेगानं खेळतो, चेंडू शंभर वेळा ताब्यात आला तर किती गुण करतो, हे सगळं त्यांच्या तक्त्यात असतं. त्यांचं दैवत केन पॉमरॉय. या खेळाच्या आकडेशास्त्राचा हा मोठा माणूस. प्रत्येक स्पर्धेआधी कोणत्या संघाची शक्यता किती टक्के, ते दशांश चिन्हासकट मांडतो. मुळात तो हवामानशास्त्रज्ञ आहे, हे कळल्यापासून माझा त्याच्यावर जीव जडला. ज्याने पावसाचे अंदाज वर्तवले, त्याला लोकांचे टोमणे खायची सवय आधीच झालेली असणार.

खरी मेख आकड्यांतच आहे. समजा एक संघ इतका तगडा, की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता 75 टक्के. कपासाठी तीन सामने लागोपाठ जिंकायचे तर शक्यता उरते 42 टक्के. म्हणजे 'हाच जिंकणार' म्हणून तुम्ही सर्वांत शहाणं नाव घेतलंत, तरी ते चुकण्याचाच संभव जास्त. उत्तर बरोबर आणि निकाल चूक, अशी परीक्षा दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पाडव्याला पंचांगातलं संवत्सरफल वाचणारे गुरुजी यापेक्षा धोरणी. 'पर्जन्यमान मध्यम, काही प्रांतांत पीडा' एवढं म्हणून ते मोकळे होतात. मेहुण्यांना मात्र विजेता म्हणून एकच नाव लिहावं लागतं, तेही शाईनं.

बहिणीची पद्धत सोपी. तिनं एमएस नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून केलं, म्हणून ती दरवर्षी स्टेट लिहिते. या संघानं एसीसीचा कप 1987 नंतर पाहिलेला नव्हता. 2024 मध्ये तर तो शेवटचे चार साखळी सामने ओळीनं हरून दहाव्या क्रमांकावर स्पर्धेसाठी वॉशिंग्टनला पोचला. पाच दिवसांत पाच सामने जिंकले तर कप. मेहुण्यांनी तिला त्याची टक्केवारी दाखवली. ती म्हणाली, "अहो, चहा गार होतोय."

स्टेटनं लुईव्हिलला हरवलं, सिराक्यूजला हरवलं, ड्यूकला हरवलं. उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, पाचेक सेकंद बाकी, आणि व्हर्जिनियाचा फ्री थ्रो हुकला. मायकेल ओकॉनेल चेंडू घेऊन कोर्टभर धावला आणि दुरून फेकला. चेंडू फळीवर आपटला, कड्यावर रेंगाळला आणि आत पडला. जादा वेळात स्टेट जिंकलं, दुसऱ्या दिवशी चॅपल हिलच्या कॅरोलायनालाही 84-76 असं हरवलं. बहिणीला कसलंही आश्चर्य वाटलं नाही. खऱ्या भक्ताला चमत्काराचं कौतुक नसतं, फक्त उशीर झाल्याची तक्रार असते.

मेहुण्यांनी तेव्हापासून 2008 चा अटलांटाचा किस्सा सांगायचा सोडलाय, मी सांगतो. आग्नेयेच्या गटाची स्पर्धा चालू असताना स्टेडियमवर चक्क टोर्नेडो आला. त्या वेळी अलाबामाच्या मायकल रायलीनं शेवटच्या क्षणी बरोबरी साधली होती म्हणून सामना लांबला होता. नाहीतर हजारो माणसं नेमकी रस्त्यावर असती. इमारतीचं नुकसान झालं. उरलेली स्पर्धा जॉर्जिया टेकच्या लहानशा कोर्टावर हलवली. जॉर्जियाचा संघ गटात सोळातले बारा सामने हरलेला, आणि टेक म्हणजे त्यांचा हाडवैरी. त्या वैऱ्याच्या घरात जॉर्जियानं शनिवारी एकाच दिवसात दोन सामने जिंकले, रविवारी तिसरा जिंकून कप नेला. आता, कोणता तक्ता हे सांगणार? तक्त्यात वादळाचा रकाना नसतो, तक्ता करणारा हवामानवाला असला तरी.

एवढं होऊनही मेहुण्यांनी पद्धत बदललेली नाही. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दहाव्या नंबरला कौल देऊन एकदा बरोबर ठरणाऱ्यांची बाजारात कमी नाही. पहिल्या नंबरला कौल देऊन पुनःपुन्हा तोंडघशी पडायला वेगळी छाती लागते.

त्यांचं सर्वांत बिनचूक वर्ष 2020. साखळीत पहिली आलेली फ्लोरिडा स्टेट त्यांनी लिहिली होती. 12 मार्चला, ग्रीन्सबरोमध्ये फ्लोरिडा स्टेटचा सामना सुरू व्हायच्या बेतात असताना करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली, आणि कप त्याच संघाच्या हाती देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. एकही चेंडू न फेकता! मेहुणे हे भाकीत खरं ठरल्याचं धरतात. बहीण धरत नाही. पाडव्याच्या जेवणात श्रीखंड वाढताना हा वाद दरवर्षी निघतो, आणि पॉमरॉयनं त्या वर्षी किती टक्के दिले होते ते बघायला मेहुणे उष्ट्या हातानं फोन शोधतात.