मिआटाकाका

न्यू जर्सीत मराठी माणसाच्या गॅरेजात गाडी नसते. तांदळाची पोती, जादाचा फ्रिज, मंडळाच्या गणपतीचं मखर, भारतात न्यायच्या बॅगा, मुलांनी दोन उन्हाळे चालवून टाकलेल्या सायकली हे सगळं आत सुखाने नांदतं आणि गाड्या बाहेर बर्फ झेलत उभ्या राहतात. तेव्हा एखाद्या गॅरेजाचं दार वर गेलं आणि आत चक्क गाडी दिसली, तीही चार स्टँडांवर अधांतरी, तर खुशाल समजावं की इथे मिआटाकाका राहतात.

दर मंडळात असा एखादा असतोच. वय पंचावन्नच्या पुढे, मुलं कॉलेजला गेलेली, घराचे हप्ते संपत आलेले. आठवडाभर कुठल्याशा बँकेचा डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवारी सकाळी पोहे खाऊन गाडीखाली शिरायचं. पुण्यात असते तर हेच गृहस्थ टेकडी चढून आल्यावर कट्ट्यावर बसून सरकारच्या चुका काढत बसले असते. इथे टेकडीही नाही आणि सरकारही परकं, म्हणून गाडी घेतली.

आमच्याकडच्या काकांची मिआटा १९९० ची, लाल. माझदाने ही दोन सीटांची उघडी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. ही तारीख काका स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर सांगतात, असं काकूंचं निरीक्षण आहे. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाला थोडं कमी. पुढचे दिवे बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. वर आणणारी मोटर रुसली तर बॉनेट उघडून हाताने नॉब फिरवायचा. काकांना दिव्यांपेक्षा हा नॉब प्रिय आहे.

कारण काका गाडी चालवतात कमी, दुरुस्त करतात त्याहून कमी. त्यांचा खरा जीव निदानात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना यंत्र जोडलं की बिघाडाचा आकडा पडद्यावर येतो. 'त्यात काय अर्थ आहे?' काका विचारतात. ह्यांच्या गाडीत बॉनेटखालच्या छोट्या पेटीत तारेचा तुकडा आणि एक दिवा जोडून त्याची लुकलुक मोजावी लागते. लांब लुकलुक म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. काका कागद-पेन्सिल घेऊन उकिडवे बसतात आणि त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

घरी आलेल्या माणसाचंही निदान होतं. गुडघा दुखतो म्हणालात की पहिला प्रश्न, 'थंड असताना, की गरम झाल्यावर?'

गेल्या ऑक्टोबरात सीटमागचा गालिचा ओला लागला. ह्या गाडीची ज्याला तोंडओळख आहे तो डोळे मिटून सांगेल: कापडी टपाचं पाणी मागच्या पन्हळीत जमतं आणि दोन बाजूंच्या दोन नळ्यांतून गाडीखाली जातं. नळीत मेपलची पानं कुजून बसली की ते आत उतरतं, आणि फार दिवस उतरत राहिलं तर दाराखालचा पत्रा आतून खातं. काकांना हे पाठ होतं. पण थेट नळीकडे जाणं त्यांना शास्त्राला सोडून वाटलं. आधी काचेचं रबर, मग दाराचं रबर, मग टपाची शिवण न् शिवण. प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर चिकटवून काका आत काचा लावून टॉर्च घेऊन बसले, बाहेरून काकू होसने पाणी मारतायत. शेजारच्या आजी नुसता हात हलवून पुढे गेल्या. पूर्वी त्या थांबून विचारायच्या.

तिसऱ्या शनिवारी काकू म्हणाल्या, 'अहो, त्या नळ्या बघा ना एकदा.'

'यादीत आठव्या आहेत.'

आठव्याची पाळी आली तेव्हा गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घालून काकांनी हलक्या हाताने काळाकुट्ट लगदा बाहेर काढला. जोर केला तर नळीच फाटते. लगदा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून वर तारखेची चिठ्ठी लावली. ती बरणी अजून फळीवर आहे. मंडळातल्या दोघांनी झाकण उघडून वास घेतलाय.

शनिवारी चांगला शर्ट घालून त्या घरी जाऊ नये. क्लचमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक गाडीखाली, एक पेडलवर. एकदा मंडळाचे खजिनदार वर्गणीला गेले आणि पेडलवर बसवले गेले. खालून काकांचा आवाज, 'दाब... सोड... दाब... आता धर! धरलंत?' 'धरलं.' 'मी म्हणेपर्यंत हलायचं नाही.' खाली पारदर्शक नळीतून बुडबुडे बरणीत जात होते. (बरणी दुसरी.) इतक्यात खजिनदारांचा फोन वाजला आणि खिशात हात घालताना पाय उचलला गेला. स्क्रू उघडा असताना पाय उचलला की गेलेली हवा परत आत शिरते. खाली काही क्षण शांतता, मग अगदी सौम्यपणे, 'बसा. पहिल्यापासून.' यंदा त्या घरची वर्गणी ऑनलाइन मागवली आहे.

दहाच्या पान्याबद्दल न लिहिणं बरं. जपानी गाडीत जिथे तिथे दहाचा नट, आणि बाराचा, चौदाचा पाना कधी हरवत नाही. हरवतो तो दहाचा. पुण्याहून परतताना लोक बाकरवडी आणतात, काका बोहरी आळीतून दहाचे पाने. एक काकूंना देवघरात, निरांजनाशेजारी सापडला. त्यांनी तो पुसून परत तिथेच ठेवला. म्हणाल्या, 'निदान इथे असला की सापडेल तरी.'

परवा त्यांनी मला त्या गाडीतून घरी सोडलं. टप मागे, इंजिनाचा सूर स्वच्छ, गालिचा कोरडा. काका अस्वस्थ होते. सिग्नलला त्यांनी एकदम रेडिओ बंद केला आणि मान तिरकी केली. 'ऐकतोयस?' शेजारी कोरी करकरीत उंच एसयूव्ही उभी होती, तिच्यातून बारीक चिरका आवाज येत होता. काकांचा चेहरा उजळला. ते सीटवरून अर्धे उठले, खालून वर बघत ती चालवणाऱ्या बाईंना विनयाने विचारू लागले, हा आवाज सकाळी थंड असताना येतो, की थोडं चालवल्यावर? बाईंनी काच वर केली. सिग्नल हिरवा झाला.

'बेल्ट नाही,' काका गिअर टाकत म्हणाले. 'पुलीचं बेअरिंग. त्यांना सांगायला हवं होतं रे.' आणि माझं घर डावीकडे असताना त्यांनी गाडी उजवीकडे, त्या एसयूव्हीच्या मागे घातली.