मला चार तास पुरतात

मला चार तास झोप पुरते, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की त्यांतल्या काहींनी सकाळी फिरायला जायची वेळ बदलून टाकली. हे वाक्य सहज निघाल्यासारखं म्हणावं लागतं. आधी एक जांभई द्यायची, ती अर्ध्यावर दाबायची आणि समोरचा "झोप झाली नाही वाटतं?" म्हणेपर्यंत थांबायचं. तो म्हणतोच. मग आपण, "छे हो, मला चार तास पुरतात." उरलेल्या चार तासांत हा माणूस ग्रंथ वगैरे लिहीत असणार, असं त्याला वाटायला हवं. त्या चार तासांत मी काय करतो, हे आजवर कोणी विचारलं नाही, ही देवाची कृपा. मी मोबाईलवर लोक सावजी मटण कसं करतात ते पाहतो. आम्ही शाकाहारी आहोत.

या बढाईला आमच्या नागपुरात वर चढणारा लगेच भेटतो. शेजारचे भाऊ म्हणतात, "चार? बाप्पा! मी त तीनच्या वर झोपतच नाही." तिसरा एक जण आहे, तो नुसतं स्मित करून म्हणतो, "मी झोपत नाही, पडून राहतो." त्याच्यापुढे काही बोलता येत नाही. एकदा या दोघांना गप्प करावं म्हणून मी रँडी गार्डनर बाहेर काढला. सॅन डिएगोतला हा १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागा राहिला. १९६३ संपून १९६४ उजाडत होतं तेव्हाची गोष्ट. झोपेवर आयुष्यभर काम करणारे स्टॅनफर्डचे विल्यम डिमेंट स्वतः त्याच्यावर लक्ष ठेवून होते. पुढेपुढे तो चिडायला लागला, विसरायला लागला, त्याला भलतंच दिसायला लागलं. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याच्या घरचा कूलर बिघडला असन."

चिडणं, विसरणं आणि भलतंच दिसणं या तिन्ही गोष्टी माझ्याही बाबतीत घडतात, असं घरच्यांचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. मी चिडत नाही, लोक चुकतात. विसरत नाही, लोक वस्तूंच्या जागा बदलतात. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, साखर तपासली आणि म्हणाले, "झोपा." सात रुपयांची गोळी तरी लिहून द्यायची! फुकटच्या औषधाने माणसाचा अपमान होतो.

त्यांनीच समजावलं की आपण जागे असतो तसतसं मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. मी म्हटलं, "मग चहा घेतला की उतरतो ना!" उतरत नाही म्हणे. चहातलं कॅफिन अडेनोसिनला घालवत नाही, फक्त त्याची जागा अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. रुमाल उचलला गेला की मूळ प्रवासी आपल्या पिशव्यांसकट येऊन बसतो. माझ्याकडे तो साधारण दुपारी साडेतीनला येतो, आणि तेव्हा मी हटकून कुणाला तरी शिस्तीचं महत्त्व सांगत असतो.

मग पुण्याच्या मुलाने मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. झोपेला शंभरपैकी मार्क देणारं. पहिल्या सकाळी मला ४१ मिळाले. चार तासांचा सगळा मोठेपणा त्या आकड्यापुढे उघडा पडला. मॅट्रिकनंतर मला एवढे कमी मार्क कोणी दिले नव्हते. त्या दिवसापासून मी बाजू बदलली आणि झोपेत पहिला येण्याच्या मागे लागलो. नऊला दिवे बंद, चहा बंद, सावजी बंद. डोळे मिटून मी मार्कांचा विचार करत पडू लागलो, तसे मार्क आणखी उतरले. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ साली या आजाराला नावही दिलं, ऑर्थोसोम्निया. घड्याळाला खूश करण्याच्या काळजीने झोप उडणं. आपल्याला झालेल्या रोगाला इंग्रजी नाव आहे हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. बायको म्हणाली, "झोपेचीसुद्धा परीक्षा करून टाकली तुम्ही." आणि कूस बदलून झोपली. एका रात्री ते घड्याळ मी गुपचूप तिच्या मनगटावर बांधून पाहिलं. ९३! तेही अभ्यास न करता.

आता यात नागपूरचाही दोष आहे. गाढ झोप लागायला शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं म्हणतात. मे महिन्यात, नवतप्यात, जिथे रात्री भिंतीला हात लावला तरी पोळतो, तिथे शरीराने उतरायचं तरी कुठे? म्हणून कूलर. कूलरची खोली ही झोपण्याची जागा नसून एक राजकीय व्यवस्था आहे. समोरची जागा कोणाची, पाणी कोण टाकणार आणि पहाटे पंप बंद करायला कोण उठणार, यावर घराघरांत सरकारं पडतात. मात्र चरकाचार्य आमच्या बाजूने आहेत. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने त्यांनी झोपेला शरीराचा आधारस्तंभ मानलं. दिवसा झोपू नये असं सांगताना ग्रीष्म ऋतूचा अपवाद केला, कारण उन्हाळ्यात रात्री लहान असतात. लहान मुलं, वृद्ध आणि जागरणाने थकलेले यांनाही त्यांनी सवलत दिली आहे. मी दुपारी झोपतो तो ग्रीष्माच्या कलमाखाली. वृद्धांच्या नव्हे, हे नोंदवून ठेवावं.

जागरणाने थकलेल्यांवरून सोनेगाव आठवलं. लेख झोपेवर आहे हे मला ठाऊक आहे, पण सोनेगावचं सांगितल्याशिवाय मी कोणालाच सोडत नाही, तुम्हालाही सोडणार नाही.

३० जानेवारी १९४९ पासून आपल्या देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी ती मनावर घेतली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि चौघांची गाठ मध्यरात्रीनंतर आमच्या सोनेगावच्या विमानतळावर पडायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. दिल्लीची पत्रं मद्रासच्या विमानात, मद्रासची मुंबईच्या, मुंबईची कलकत्त्याच्या, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. विमानं म्हणजे सुरुवातीला डकोटा, युद्धातून उरलेली. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रालाही विमानाचा जादा आकार न घेता ही सोय मिळाली. काल संध्याकाळी कलकत्त्यात पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत! ही सेवा १९७३ पर्यंत चालली. देशाचा मध्य नागपुरात आहे, याचा दाखला लोक झिरो माइलच्या खांबावर जाऊन शोधतात. मी म्हणतो, रात्री दीड वाजता चार दिशांची चार विमानं जिथे एकमेकांची वाट पाहतात, तिथे मध्य असतो. खांब काय, कुठेही रोवता येतो. या विषयावर मी पाहुण्यांना मुद्दाम विमानतळावर सोडायला जातो आणि त्यांचं विमान सुटेपर्यंत बोलतो. एक पाहुणे तर वेळेच्या तीन तास आधीच सुरक्षा तपासणीतून आत गेले.

माझे बाबा रेल्वे डाक सेवेत होते. आर. एम. एस. म्हणायचे सगळे. सोनेगावची रात्रपाळी लागली की डबा घेऊन ते वर्धा रोडने सायकल मारत जायचे. थैल्या मोजून घ्यायच्या, याद्या जुळवायच्या, मोजून द्यायच्या. एक थैली चुकीच्या विमानात गेली तर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका लग्न झाल्यावर पोचणार. शाळेत मी सांगत असे की चार विमानं रोज रात्री आमच्या बाबांसाठी थांबतात. बढाईचा उद्योग तेव्हापासूनचा आहे.

बाबांनी मात्र "मी रात्रभर जागा होतो" हे वाक्य कधी उच्चारलं नाही. "ड्युटी होती", एवढंच. ते दुपारी झोपायचे आणि आमचं घर मुकं व्हायचं. आई दाराच्या कडीला चिंधी गुंडाळून ठेवायची. बर्फगोळेवाल्याची घंटा कोपऱ्यावर ऐकू आली की ती उन्हात अनवाणी धावत जाऊन त्याला दुसऱ्या गल्लीने वळवायची. आमच्या हातून चमचा पडला तरी बाबा दचकून उठत आणि असे ओरडत की आम्ही त्यांना तापट समजत होतो. लग्नकार्यात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना बसल्या जागी डुलकी लागायची. मामेमंडळी हसायची आणि आम्ही भावंडं लांब जाऊन बसायचो, ते आमचे कोणी नव्हेत असं दाखवत.

शरीरात एक घड्याळ असतं आणि ते पाळीच्या तक्त्याप्रमाणे फिरत नाही, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. दुपारच्या झोपेने रात्रीची पुरती भरपाई होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली रात्रपाळीला 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' अशा कामांत घातलं. बाबांना हे कोणी सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव तापट नव्हता. त्यांना झोप हवी होती, आणि ती मागायची लाज वाटत होती.

म्हणून मला माझ्याच चार तासांचा राग येतो. जागरणाची फुशारकी तोच मारू शकतो, ज्याला हवं तेव्हा झोपायची मुभा आहे. बुटीबोरीच्या कारखान्यातल्या तिसऱ्या पाळीचा कामगार, वॉर्डात रात्र काढणारी नर्स, एटीएमच्या दाराशी खुर्चीवर बसलेला चौकीदार, यांपैकी कोणी मला आजवर सांगितलं नाही की, "भाऊ, मला चार तास पुरतात." चौकीदाराची डुलकी कोणी मोबाईलवर टिपली तर त्याची नोकरी जाते. साहेबाचं जागरण टिपलं तर त्याला मुलाखतीचं बोलावणं येतं.

आणि ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर. समृद्धी महामार्ग झाला, नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, सरळ, गुळगुळीत, गाईगुरांचा अडथळा नाही. अडथळा नसतो हीच अडचण होऊन बसते. उघड्या डोळ्यांनी माणूस अर्धवट झोपेत जातो. आमच्या व्हीएनआयटीतल्या संशोधकांनी या रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा अशा संमोहनाची बरीच चर्चा झाली. ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवलं होतं की सलग १७ तास जाग्या माणसाचे हात आणि नजर, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी ढिली पडते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला सज्जन, निर्व्यसनी, माळकरी माणूस रात्री दहाला स्टिअरिंगवर बसला तर तो कायद्याच्या हिशेबाने प्यायलेलाच म्हणायचा. तोंडात नळी घालून दारू मोजता येते. झोप मोजायची नळी कुठल्याच नाक्यावर नाही. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ सालचा कायदा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास म्हणत होता. तो कायदाही बहुधा रात्रपाळी करून कुठेतरी झोपला असावा.

एवढं ज्ञान झाल्यावर पुढच्या वेळी मी पुण्याला निघालो तो जागृत नागरिक म्हणून. बैद्यनाथ चौकात ट्रॅव्हल्समध्ये चढलो, माझा बर्थ सोडला आणि केबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसलो. त्याला जागं ठेवणं हे माझं कर्तव्य होतं. सोनेगावपासून सुरुवात केली. मद्रासच्या थैल्या दिल्लीच्या विमानात चढवेपर्यंत त्याने दोन जांभया दिल्या. मी घाबरून विचारलं, "भाऊ, दुपारी झोपलात का?"

"पाच तास झोपलो, काका. तुम्ही बोलायले लागल्यावरच येऊन राहिली."

"आणि दुसरा ड्रायव्हर?"

"तो मागं झोपून राहिला ना. वाशिमच्या पुढं तो घेईन."

इतकं समाधान देणारं उत्तर मला अनेक वर्षांत कोणी दिलं नव्हतं. एका मालकाने दोन ड्रायव्हर ठेवले होते आणि त्यातला एक पगारावर झोपला होता! मला भरून आलं. मागे जाऊन त्याला उठवावं आणि त्याचं मनापासून अभिनंदन करावं असं वाटलं. मी उठून उभाही राहिलो. ड्रायव्हरने रस्त्यावरची नजर न हलवता किन्नरला सांगितलं, "काकांना त्यांच्या बर्थवर नेऊन दे, आन् पडदा लावून घे."