पंचसाहेबांना अनावृत पत्र

मा. पंचसाहेब,
कबड्डीचं मैदान, जि. गोंदिया

विषय : आपल्या नजरेबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

धानाची कापणी आटोपत आली, मंडईचे दिवस आले. आता आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कबड्डीचे सामने रंगतील आणि आपली आठवण होईल. म्हणून चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

आपण रेषेपासून दोन हातांवर उभे असता, आम्ही मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. साहजिकच आम्हाला जास्त स्पष्ट दिसतं. दिव्याखाली धूळ उडालेली, चुन्याची रेषा पायांनी पुसलेली, पाच-सहा जण एकावर एक पडलेले. तरी सगळ्यांत खाली असलेल्याचं बोट मधल्या रेषेला लागलं की नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. आपण मात्र शिट्टी वाजवायला क्षणभर थांबता! तेवढ्यात "दिसत नाही का बे तुले?" असं कानावर आलं, तर मनावर घेऊ नये. मघाशी पाहुण्या संघाचा गडी बाद दिलात, तेव्हा हीच नजर आम्ही घारीची ठरवली होती.

कॅमेरा लावा म्हणावं, तर त्याचीही गंमत पाहून झाली. 2023 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, हांगझोऊला, भारत-इराण अंतिम सामना 28-28 वर असताना पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला आणि इराणचे गडी त्याच्यामागे धावले. हे सगळं पडद्यावर दिसत होतं. पण जुना नियम लावायचा की नवा, यावर सामना जवळपास तासभर अडला. पाय कुठे पडला ते यंत्राने दाखवलं. गुण कुणाचा, यावर माणसंच भांडत बसली.

आपल्या महाराष्ट्रातलं तर ताजंच आहे. फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केलं, असा निर्णय झाला. पाठ टेकलीच नाही, चित्रीकरण बघा, असं राक्षेचं म्हणणं. ते कुणी ऐकेना, तेव्हा त्याने पंचांनाच लाथ मारली आणि 3 वर्षांची बंदी ओढवून घेतली. पुढे चौकशी बसली, पंच चुकले असं ठरलं, त्यांचंही निलंबन झालं. निकाल मात्र जिथल्या तिथे.

चूक माणसाकडून व्हायचीच. ती तिथल्या तिथे सुधारायची सोय नसली, की तिचा अन्याय होतो. ही सोय आयोजकांनी करायची: मध्यंतरात रेषांना पुन्हा चुना मारणं, समोरच्या बाजूला आणखी एक पंच उभा करणं, नियम आधीच माईकवर वाचून दाखवणं. पण मंडप, डीजे आणि पुढाऱ्यांचे सत्कार यांतून चुन्याला पैसे उरत नाहीत. आपल्या वाट्याला नारळ-टॉवेल येतो, तोच मोठा समजावा.

तरी यंदा अवश्य यावं. आमचा संघ जिंकला तर पोरांच्या मेहनतीने जिंकेल. हरला तर त्याला कारण कोण, हे आत्ताच नक्की करून ठेवलेलं बरं.

आपले,
रेषेबाहेरचे सर्वज्ञ