शेऱ्याचा रकाना

उमरेडमध्ये जंगलातून परतलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतात, "दिसला का जी?" कोण दिसला, हे विचारायची सोय नाही. अस्वल पाहिलं म्हणावं तर समोरचा "अच्छा" म्हणून चहाकडे वळतो. चितळ, सांबर, मोर अशी नावं घेतली तर तो आपलं सांत्वन करतो, "होते असं कधी कधी. पुढच्या खेपी दिसन." आणि वाघ पाहायला गेलोच नव्हतो, कुरणातला तरोटा उपटायला गेलो होतो असं सांगितलं, तर तो काळजीनं घरच्यांची चौकशी करतो.

फुकट काम करणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे जरा संशयानंच पाहतात. देवळात केलेली सेवा समजते, गणपती मंडळातली धावपळ समजते. पण जंगलाची सेवा? त्याला काय कमी आहे? ते तर आपोआप वाढतं! माझ्या एका आप्तांचा तर असा पक्का समज आहे की आम्ही स्वयंसेवक आत जाऊन झाडांना पाणी घालतो. मी तो समज दूर केलेला नाही. खरं काम सांगितलं असतं तर त्यांच्या मनातून मी आणखी उतरलो असतो.

वास्तविक उमरेडला वाघाचं वेड लागलं ते अलीकडे. पूर्वी या रस्त्यावरची मोठी नावं म्हणजे वेकोलिची कोळशाची खाण, पलीकडे भिवापूरची मिरची आणि नागपूर–नागभीडची छोटी गाडी. रूळ रुंद करायचे म्हणून ती गाडी 2019 मध्ये थांबली. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं 2012 साली. सुमारे 189 चौरस किलोमीटरचं जंगल, काही नागपूर जिल्ह्यात, काही भंडाऱ्यात, वैनगंगेच्या अंगानं पसरलेलं. कारभार पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे. आता अभयारण्य म्हटल्यावर पाटी लागते, फाटक येतं, जिप्सी येतात. पण नाव व्हायला माणूस लागतो. इथं तो वाघाच्या रूपानं पुढच्याच वर्षी नागझिऱ्याहून चालत आला. 'शोले'वरून त्याचं नाव जय ठेवलेलं होतं, भावाचं वीरू. अंगापिंडानं असा की त्याच्यापुढे बाकीचे वाघ हडकुळे वाटावेत. दोन-तीन वर्षांत कऱ्हांडला हे नाव देशभर गेलं. बाहेरून येऊन गावाचं नाव काढणारी माणसं आपल्याला नेहमीच आपली वाटतात. जयचं मूळ गाव नागझिरा, हे उमरेडकर हळूहळू विसरून गेले. आणि 2016 च्या एप्रिलनंतर तो दिसलाच नाही. गळ्यात रेडिओ कॉलर होती, मागे माणसं होती, पुढे मुंबई-दिल्लीपर्यंत चौकशीच्या मागण्या झाल्या. सिनेमातल्या जयचं शेवटी काय होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या जयचं काय झालं, ते आजही छातीठोकपणे कुणी सांगत नाही. म्हणून "दिसला का?" या प्रश्नाला इथं थोडी दुखरी कडाही आहे.

असो. मला सांगायचं आहे ते मचाणाबद्दल.

वैशाखातली बुद्ध पौर्णिमा म्हणजे जंगलवेड्यांची दिवाळी. नाले आटलेले, पानगळ होऊन गेलेली, वर्षातल्या सगळ्यात लख्ख रात्रींपैकी एक. पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं, तेव्हा जनावर तिथं येणारच. बरेचसे पाणवठे आता माणसानं केलेले असतात आणि सौरपंपावर भरतात. ज्या सूर्यानं नाला सुकवला त्यालाच पाणी उपसायला लावायचं, ही मला सरकारी कारभारातली सगळ्यात खोडकर युक्ती वाटते. तर अशा पाणवठ्याच्या काठावर, झाडाला बांधलेल्या मचाणावर, दुपारच्या उन्हात चढून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. भडक कपडे नकोत, अत्तर नको, प्लास्टिक नको, खाली उतरणं नको, बोलणं तर नकोच. हातात एक तक्ता: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू आणि शेवटी शेरा.

माझ्याबरोबर एकदा नागपूरचा एक उमदा तरुण होता. त्याची लेन्स एवढी लांब की मचाणावर तिला वेगळी जागा द्यावी लागली. तिसरे होते जवळच्याच गावचे वनमजूर काका. त्यांच्याकडे एक काठी, एक पाण्याची कॅन आणि अमर्याद शांतता.

माणसाचं शरीर किती बोलकं असतं हे मचाणावर समजतं. घरी कधी ऐकू न आलेला गुडघा तिथं कडाडतो. पोट स्वतंत्र भाषण करतं. तरुणानं संध्याकाळी चिवडा काढला. डबा स्टीलचा होता, नियमात बसणारा, पण झाकण उघडताना असा खणकन आवाज झाला की पाण्याकडे निघालेलं भेकर आल्या पावली परत गेलं. काकांनी नुसतं पाहिलं. त्यानंतर तो चिवडा एकेक दाणा करून, जिभेवर भिजवून खाल्ला गेला. चिवडा खायची ही रीत पचनाला फार चांगली असावी.

पहिली हजेरी वानरांची. टोळी उतरली, पाणी प्यायली, भांडली, एक पिल्लू एकीच्या पोटावरून दुसरीच्या पोटावर गेलं. तरुणानं तक्त्यात लिहिलं, 'वानर, अंदाजे 20'. काका कुजबुजले, "अंदाजे कायले? बसून राह्यले न समोर, मोजा न जी." मोजायला घेतलं. ज्यानं वानरं मोजली नाहीत त्याला जनगणनेच्या शिक्षकांचं दुःख कळायचं नाही. एक मोजून झालं की ते उठून न मोजलेल्यांत जाऊन बसतं. शेवटी तिघांनी मिळून तीन वेगवेगळे आकडे काढले आणि काकांचा लिहिला, कारण त्यांनी बोटं वापरली नव्हती.

मग रानडुकरं आली आणि चिखलात अशी लोळली की पाहणाऱ्याला उकाडा विसरावा. शेऱ्याच्या रकान्यात तरुणानं लिहिलं, 'आनंदी'. काकांनी ते वाचलं आणि काही बोलले नाहीत. चंद्र वर आला. रातव्याची चकचक सुरू झाली. एक चितळमादी आली, पाणी पिऊन गेली. तासाभरानं एक आली. मध्यरात्री आणखी एक. तक्त्यात तीन ओळी भरल्या. काका म्हणाले, "तीच हाये ते. कान फाटका हाये तिचा, डावा. मागच्या पाण्यात पिल्लू होतं संगं." हे सगळं आता कुठे लिहायचं? संख्या एक की तीन? काका गेली कित्येक वर्षं त्याच जंगलात जाळरेषा काढतात, पाणवठे साफ करतात, वणवा विझवायला झाडाची डहाळी घेऊन धावतात. त्यांना जे माहीत आहे त्यासाठी तक्त्यात तेवढा एकच शेवटचा रकाना, तोही बोटभर रुंदीचा.

वाघ? नाही आला. पहाटे दूर सांबर ओरडलं, तरुण ताठ बसला, लेन्स सरसावली आणि अर्ध्या तासानं रोह्यांचा एक कळप संथपणे पाण्यावर आला. रोही हे जनावरच असं की ते आल्यावर कुणालाही उगीचच ऑफिसात आल्यासारखं वाटतं.

यातली गंमत पुढेच आहे. रात्रभर डोळे फोडून केलेली ही मोजणी वाघांच्या अधिकृत गणनेत धरत नाहीत. फार पूर्वी धरत. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1960 च्या दशकात पंज्याच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. ठशावर काच ठेवायची, रेघ मारायची, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा. पुढची कित्येक वर्षं देशाचे वाघ असे मोजले गेले. मग 2005 च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्क्यात उघड झालं की कागदावर वाघ आहेत, जंगलात एकही नाही. तेव्हापासून कॅमेरे आले; ते पट्टे पाहून प्रत्येक वाघ वेगळा ओळखतात, झोपत नाहीत आणि चिवडा खात नाहीत. दर चार वर्षांनी देशभराची गणना त्यांच्या जोरावर होते. मचाणावरच्या रात्रीला आता 'निसर्गानुभव' असं सुरेख नाव दिलेलं आहे आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी शुल्कही भरावं लागतं. म्हणजे आपण पैसे भरून, उपाशी राहून, डास सोसून, कुणी न मागितलेले आकडे गोळा करतो. बायकोला हे समजावून सांगणं मचाणावर बसण्यापेक्षा अवघड.

मी एकदा बीटगार्डला विचारलंच, "मग आम्हाला बसवता कशाला?" तो हसला. म्हणाला, "सर, उन्हाळ्यात पाणी कमी ऱ्हायते. फासे लावणारा, पाण्यात जहर टाकणारा बी तिथंच येते. त्या एका रात्री हर पाणवठ्यावर माणूस बसून हाये, हे साऱ्या मुलुखाले ठाऊक ऱ्हायते. बाकी तुम्ही काय लिहिता ते लिहा." बुजगावण्याची भूमिका इतक्या आदरानं आजवर मला कुणी देऊ केली नव्हती, आणि मला ती मनापासून आवडली. काही न करता नुसतं असणं एवढंच त्यात येतं, आणि माझ्यापाशी ते भरपूर आहे.

पण नुसतं असणंही लोकांना जमत नाही. 2024 च्या 31 डिसेंबरला गोठणगावच्या बाजूला एफ-2 वाघीण तिच्या पाच बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडत होती. दोन्हीकडून जिप्सी आल्या आणि ती लेकरांसह मधे अडकली. वर्षअखेरीची सुट्टी, पैसे भरलेले, मोबाइल उंचावलेले. चित्रफीत गावोगाव फिरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेले सगळे लोक वाघावर प्रेम करणारेच होते याबद्दल मला शंका नाही. घरी त्यांच्याकडे वाघाचे टी-शर्टही असतील. त्यांतल्या प्रत्येकाला आधी एक रात्र काकांशेजारी बसवायला हवं होतं, असं मात्र फार वाटतं. तिथं कॅमेऱ्याला नव्हे, गुडघ्याला शिस्त लागते.

आणि जंगलाची राखण जंगलात संपत नाही, ही आणखी एक पंचाईत. वाघ हद्दीचे खांब वाचत नाही. जयचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे गेला आणि एका शेताभोवतीच्या तारेतल्या विजेनं मेला. ज्याचं उभं पीक डुकरं एका रात्रीत लोळवून जातात, त्या शेतकऱ्याला "वन्यजीव वाचवा" सांगणं सोपं नसतं. तक्त्यात ज्यांच्यापुढे आम्ही 'आनंदी' लिहिलं होतं, तीच ही डुकरं. गावातल्या बैठकीला गेलं की लोक नुकसानभरपाईच्या अर्जाचं विचारतात, आणि स्वयंसेवकाचा खरा उपयोग तिथं होतो: अर्ज भरून देणे, कागद जोडणे, ऑनलाइनच्या फेऱ्यात न अडकता तो पुढे सरकवणे. याचा फोटो काढून कुणाला पाठवता येत नाही. मी पाठवून पाहिला. एकाही माणसानं अंगठा दाखवला नाही.

तरोट्याचं काम त्या मानानं देखणं. पाऊस लागला की फाटकं बंद होतात, पर्यटक जातात आणि कुरणात चितळांच्या गवतावर तरोटा दाटतो. त्याला कुणी तोंड लावत नाही. शेंगा धरून बी पडायच्या आत तो उपटायचा असतो. आमची टोळी गमबूट, टोप्या, हातमोजे अशा थाटात जाते. गावातल्या मजुरीवर आलेल्या बाया अनवाणी असतात आणि आमच्या एका ओळीत त्यांच्या तीन होतात. आमच्यातल्या एकीनं पान मोबाइलसमोर धरून ते कोणत्या जातीचं आहे ते ॲपला विचारलं. ॲप विचारात पडलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "तरोटा हाये तो, बाई. त्याले काय इचारता? मुळासकट काढजा, नाही तं आठ दिवसात पुन्हा हासते."

मग समजलं की ज्याला चितळ तोंड लावत नाही तो कोवळा असताना हिच्या घरी ताटात असतो. "इथला नाही बापा, आमच्या बांधावरचा," तिनं बीटगार्डकडे पाहत लगेच खुलासा केला. कोवळा पाला धुवायचा, लसूण ठेचायचा, लाल मिरची आणि भिजवलेली चण्याची डाळ. "डाळ?" पलीकडच्या ओळीतून दुसरी कडाडली. "तरोट्यात कोणी डाळ टाकते का व माय?" पहिलीनं उपटलेला जुडगा खाली ठेवला. दुसरी कमरेवर हात देऊन उभी राहिली. तिसरीनं जवसाच्या तेलाचा मुद्दा काढला. आमच्या ॲपवाल्या बाईंनी वही उघडून दोन्ही पाककृती लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि सगळ्या कुरणात काम थांबलेलं पाहून बीटगार्ड बांधावरून ओरडला, "अवं, डाळीचं घरी गेल्यावर ठरवजा, पाणी येऊन राह्यलं!"